पेशंट हलला

अण्णा,

तुम्ही गेल्यापासून घरात माणसांची रीघ आहे. बदनापूरची, तुम्ही नोकरी केलीत त्या तूर संशोधन फार्मवरची, अंबडकडची आपली भावकी. आलेला माणूस टेकला की आधी तेच विचारतो, कशानं गेले? आई पदर तोंडाशी नेऊन सांगते, लघवीचा तरास व्हता. माणूस मान हलवतो, वय झालं की व्हतंच म्हणतो, चहा घेतो आणि जातो. मी तिथंच बसलेली असते. इतकी वर्षं जालन्यात एमआरआयचं मशीन चालवणारी मी, आणि मीही तेवढंच म्हणते. प्रोस्टेट हा शब्द तुमच्या हयातीत या घरात कुणी मोठ्यानं उच्चारला नाही. आता तुम्ही नाही, तरी उच्चारत नाही.

म्हणून लिहायला बसले. तुम्ही वाचायचात सावकाश, ओठ हलवत. हेही तसंच वाचा. घाई नाही.

या कामाला मला घातलं ते तुम्हीच. बारावीनंतर मी एक्स-रेचा कोर्स करते म्हटलं, तेव्हा मोठ्या काकांनी विचारलं होतं, परक्या पुरुषांना हात धरून निजवायचं, हे पोरीचं काम आहे का. तुम्ही नुकतेच फार्मवरून आला होतात. पायांना तुरीच्या वाफ्यांतली माती होती. तुम्ही पाय धुता धुता म्हणालात, "फोटो काढायचं काम हाय ते. फोटोवाला नवरदेवाची मान सरळ करतोच की." मग औरंगाबादला प्रवेशाच्या रांगेत तुम्ही सकाळपासून माझ्या मागे उभे राहिलात. माझ्या हातातली कागदांची पिशवी दर थोड्या वेळानं मागून घ्यायचात आणि सगळं आहे ना ते बघून परत द्यायचात.

सिद्दीकी सरांनी नवीन जालन्यात सेंटर काढलं आणि मला नोकरी लागली, तेव्हा मशीन बघायला तुम्ही मुद्दाम आलात. सर स्वतः तुम्हाला आत घेऊन गेले. दोन जाड गोल तबकड्या, एकीवर एक, आणि मधल्या फटीत माणूस सरकवायचा. बाजूंनी सगळं उघडं. तुम्ही भोवती एक फेरी मारलीत आणि म्हणालात, "हे तर जातं हाय. मानूस दळता का तुमी?" सर एवढे हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तेव्हापासून सेंटरमध्ये आम्ही सगळे त्याला जातंच म्हणायला लागलो.

जातं कमजोर होतं, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं. त्याचं चुंबक कमी ताकदीचं. पुण्या-मुंबईची मशीनं बोगद्यासारखी बंद असतात, पण चित्र लख्ख देतात. आमचं चित्र दाणेदार यायचं, आणि तेही पेशंट बराच वेळ न हलता पडून राहिला तर. औरंगाबादचे डॉक्टर आमच्या फिल्म उजेडाला धरून कधीकधी तोंड वाकडं करायचे. सर म्हणायचे, "मशीन कमजोर आहे बेटा, पण झूट न्हाई बोलत. वेळ देऊन विचारायचं त्याला."

तुमचा त्रास सुरू झाला तो तुम्ही रिटायर झाल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात. तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. आईनं मला सांगितलं, तेही चुलीकडे तोंड करून. रक्त तपासलं तर त्यातला प्रोस्टेटचा आकडा वाढलेला होता. औरंगाबादच्या सर्जननी मागच्या वाटेनं सोनोग्राफीची नळी घालून सहा तुकडे काढले. साफ निघाले. काही महिन्यांनी आकडा आणखी वर गेला. पुन्हा सहा तुकडे, पुन्हा साफ. तुम्हाला किती दुखलं ते तुम्ही बोलला नाहीत, पण परतीच्या गाडीत बदनापूरपर्यंत उभेच राहिलात. जागा असून.

बदनापूर जवळ आलं तसे तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "सा ठिकानची माती काढली अन् वावर साफ म्हनले. मर एका कोपऱ्यात लागती. त्या कोपऱ्यात कुनी गेलंच न्हाई तर?"

तुरीतली मर तुम्ही तीस वर्षं बघितली होती. हिरव्यागार वाफ्यात एका ठिकाणी चार झाडं माना टाकतात आणि बाकीचं शेत काहीच झालं नसल्यासारखं उभं असतं. दुसऱ्या दिवशी मी तुमचं वाक्य सरांना सांगितलं. ते खुर्चीत सरळ बसले. "तुझे वालिद बराबर बोलून राह्यले," ते म्हणाले. मागच्या बाजूनं गेलेली सुई ग्रंथीच्या मागच्या भागातच पोचते. पुढच्या बाजूला काही असलं तर ते दर वेळी निसटतं. आधी जात्यात बघू कुठं काय आहे, मग सुई नेमकी तिथं न्यायची. सरांच्या मनात हे आधीपासून होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

स्कॅनला तुम्ही एका अटीवर आलात. मी तिथं असायचं नाही. मी बाहेर चहाच्या टपरीशी उभी राहिले आणि माझ्या जोडीला काम करणाऱ्या गजाननानं स्कॅन केला. चित्र फारसं चांगलं नव्हतं. तरी पुढच्या बाजूला, डावीकडे, भोवतालापेक्षा काळा आणि कडा पुसलेला एक डाग होता. औरंगाबादच्या सर्जनना तो पटला नाही. असल्या मशीनच्या चित्रावर विसंबून सुई घालायची नसते, म्हणाले, मुंबईला नेऊन मोठ्या मशीनमध्ये बघा. तुम्ही मुंबईला जायला तयार नव्हता. आणि सरांचं म्हणणं वेगळंच होतं. मोठ्या मशीनमध्ये चित्र साफ येतं, पण बोगद्यात हात जात नाही. इथं जातं उघडं आहे. पेशंट आत असतानाच सुई घालायची, चित्र काढायचं, सुई जराशी वळवायची, पुन्हा चित्र काढायचं, असं करत डागापर्यंत पोचायचं. शेवटी सर्जनही यायला तयार झाले. बघू तरी, म्हणाले.

साध्या सुईला चुंबक ओढतं, म्हणून टायटॅनियमची सुई मुंबईहून मागवली. ती येईपर्यंत आम्ही पपईवर सराव केला. पपईत एक द्राक्ष खुपसायचं आणि चित्रावर बघून सुईनं ते गाठायचं. सुई सर धरायचे. मशीनवर कधी मी, कधी गजानन. गजाननाचं चित्र दर वेळी उशिरा यायचं किंवा सुईला सोडून भलत्याच ठिकाणचं यायचं. त्यात त्याचा दोष नव्हता. ते काम मला जमत होतं, त्याला जमत नव्हतं.

म्हणजे तुमच्या वेळी मशीनवर मीच असणार होते.

मी घरी येऊन सांगितलं. तुम्ही अंगणात दावं वळत होतात. पालथं निजायचं, कुल्ल्यातून सुई जाणार, धोतर काढावं लागेल, हे मी मराठीत सांगू शकले नाही. पोझिशन, प्रोसिजर, असे शब्द वापरत राहिले. तुम्हाला कळायचं ते कळलं. "मी येनार न्हाई," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, तिथं मी रोज कितीतरी लोकांना निजवते, तिथं मी तुमची मुलगी नसते. तुम्ही दावं खाली ठेवलंत आणि विचारलंत, "मंग कोन असती?"

मी दावं उचलून तुमच्या हातात दिलं आणि आत गेले.

सात महिने तुम्ही नाही म्हणत राहिलात. मी दर आठ-पंधरा दिवसांनी विषय काढायचे, तुम्ही उठून जायचात. आई समजायची की मी तुमच्यावर चिडले आहे. तुम्हीही तेच समजत असाल. आता सांगते. तुम्ही पहिल्यांदा नाही म्हणालात ना, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं. तुम्हाला तसं बघायची माझीही तयारी नव्हती. मी विषय काढायचे तो अशा वेळी काढायचे की तुम्ही नाहीच म्हणाल. कुणी पाहुणा आलेला असताना, तुम्ही जेवायला बसलेले असताना. मग सरांना जाऊन सांगायचे, ऐकत नाहीत हो. सर तुमची फिल्म पुन्हा पाकिटात घालून ठेवायचे. डाग काय आहे हे मला दिसत होतं, अण्णा. रोज असल्या फिल्म हातातून जाणारी बाई मी. सात महिने मी तुमच्या लाजेच्या आड लपले.

हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही शेवटचे दोन महिने खाटेवर होतात, आपण दोघं तासन्‌तास एकटे असायचो. तेव्हाही सांगितलं नाही.

शेवटी आई बोलली. तुम्हाला आठवत असेल, तिनं आवाज चढवला नव्हता. तुमच्या ताटात भाकरी टाकता टाकता म्हणाली, "मंग तिला शिकवलं कशाला? लोकाचे बाप निजवायला?"

तुम्ही ती भाकरी अर्धी ठेवून उठलात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे बदनापूर स्टेशनवर आले तर तुम्ही फलाटावर आधीच उभे. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा, डोक्याला फेटा. लग्नाला निघाल्यासारखे. जालन्याला उतरल्यावर मी बूथवरून सरांना फोन केला. सर म्हणाले, आज तर न्हाई होत बेटा, सर्जनना बोलवावं लागेल, लोडशेडिंगची वेळ बघावी लागेल. म्हणून तुम्हाला परत पाठवावं लागलं. त्या वेळी तुमचा चेहरा कसा झाला ते मी विसरू शकत नाही. एवढं बळ गोळा करून आलेल्या माणसाला मी परतीच्या गाडीत बसवलं.

पण चार दिवसांनी तुम्ही पुन्हा आलात. तसेच, धुतलेल्या धोतरात.

मी तुमच्यासाठी दोन चादरी काढून ठेवल्या होत्या. एका हिरव्या कापडाला वीतभर खिडकी कापून घेतली होती, म्हणजे तेवढीच जागा उघडी राहील. तुम्हाला निजवलं गजाननानं. सर आणि सर्जन आत होते. सगळं झाकून झालं असं सरांनी काचेतून खुणावलं, तेव्हाच मी खुर्चीवर बसले. मी पडद्याकडेच बघितलं. काचेपलीकडे एकदाही नजर टाकली नाही, हे मात्र तुम्हाला खात्रीनं सांगते. पडद्यावर तुम्ही राखाडी होता, सगळ्यांसारखे.

दीड तास लागेल असं वाटलं होतं, त्याहून जास्त वेळ लागला. सुई जरा आत, चित्र, थांबायचं. सुई जरा वर, चित्र, थांबायचं. मी माइकवरून सांगायचे, आता हलू नका, आता श्वास घेतला तरी चालेल. एकदा अशाच थांबण्यात माझ्याकडच्या स्पीकरमधून तुमचा आवाज आला. "रेखा, जेवलीस का?" सुई तुमच्या अंगात होती. मी जेवले म्हटलं. जेवले नव्हते.

सुई डागाच्या अगदी जवळ आली होती तेव्हा तुमच्या मांडीत गोळा आला. चित्रात सगळं एकदम सरकलं. मी माइक दाबला आणि म्हटलं, "सर, पेशंट हलला."

पुन्हा पहिल्यापासून जागा शोधावी लागली. तुम्ही त्यानंतर एकदाही हलला नाहीत. दुखलं असेल तरी हलला नाहीत. तुकडा मिळाला, डागाच्या अगदी मधला. सर्जननी बाहेर येऊन हातमोजे काढले आणि पडद्यावरचं शेवटचं चित्र बराच वेळ बघत उभे राहिले. तोंड वाकडं केलं नाही. आठ दिवसांनी कागद आला. कॅन्सर. पुढच्या तपासणीत कळलं की तो हाडांपर्यंत गेला आहे.

मी सरांना एकदाच विचारलं, सात महिने आधी केलं असतं तर? सर खोटं बोलू शकले असते. ते म्हणाले, "मला म्हायती न्हाई, बेटा. कुनालाच म्हायती नसतं." त्यानंतर मी कुणालाच विचारलं नाही.

सुई घातली त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी आईमार्फत बोलायला लागलात. रेखाला म्हना दार लाव. रेखाला म्हना गाडीची वेळ झाली. मला वाटलं, लाज वाटते आहे, जाईल. कापूस वेचणी संपत आली होती तेव्हाची गोष्ट. दुपारी ओट्यावर तुम्ही बसला होतात, मी सुट्टीवर होते. माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "पेशंट हलला म्हनलीस तू. अण्णा हलले, असं न्हाई म्हनलीस."

माइकवरचं ते वाक्य तुम्हालाही ऐकू जाणार, हे त्या क्षणी माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी म्हटलं, तिथं तसंच बोलतात. तुम्ही म्हणालात, "बराबर हाय." आणि तो विषय तिथंच राहिला. तुम्ही भांडायला हवं होतं अण्णा. मग मी सांगितलं असतं की त्या क्षणी अण्णा हा शब्द तोंडातून निघाला असता तर माझा हात चाललाच नसता. तुम्ही चिडला असतात, मी रडले असते, काहीतरी झालं असतं. बराबर हाय म्हणून तुम्ही मला सोडून दिलंत आणि मी सुटले नाही.

कॅन्सर निघाल्यावर तुमचं जे ऑपरेशन झालं, त्याबद्दल आईनं मला परवा सांगितलं. सर्जननी दोन वाटा सांगितल्या होत्या. दर काही महिन्यांनी इंजेक्शन घ्यायला जालन्याला, आमच्याच सेंटरवर यायचं, नाहीतर एकदाच ऑपरेशन करून दोन्ही वृषणं काढून टाकायची, म्हणजे कॅन्सरला वाढवणारं हार्मोन थांबतं. मी तुम्हाला इंजेक्शन घ्या म्हटलं होतं. तुम्ही ऑपरेशन निवडलंत आणि मला वाटलं, तुम्हाला कळलं नसेल. आई म्हणाली, सगळं कळलं होतं. पुन्हा पुन्हा तुझ्या दवाखान्यात येऊन निजायचं नव्हतं त्यास्नी. घरी आल्यावर तुम्ही तिला एवढंच म्हणाला होतात, "गोऱ्ह्याचा बैल केला मला." आईला ते मनात ठेवून अडीच वर्षं काढावी लागली. मला सांगताना ती हरभरा निवडत होती आणि हात थांबवला नाही.

तुमच्यानंतर आम्ही त्या पद्धतीनं आणखी काही लोकांचं केलं. मोजकेच. घनसावंगीचे एक मास्तर होते, त्यांचा वेळेत सापडला, ते अजून सायकल चालवतात. त्यांच्या मुलानं सेंटरवर मोसंबीची टोपली आणून ठेवली. मी त्यातलं एकही उचललं नाही, आणि सरांनी आग्रह केला नाही. पुढे ते सर्जन बदलून पुण्याला गेले. सुया मिळेनाशा झाल्या. आता जातं काढून नवीन मशीन आणायचं चाललंय. बोगद्याचं.

एक गोष्ट मात्र मी त्यानंतर पाळली. फिल्मवर काही दिसलं आणि पेशंट पुढची तपासणी टाळायला लागला की मी सरांना दुसऱ्यांदा सांगते. तिसऱ्यांदा सांगते. घरच्यांना बोलावून घ्यायला लावते. लोकांना मी आगाऊ वाटते. वाटू दे.

शेवटचे दोन महिने तुम्हाला आंघोळ मी घातली. आईला तुम्हाला उचलणं झेपत नव्हतं. पहिल्या दिवशी मी पाणी घेऊन आले, तेव्हा तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, नाही म्हणाल. तुम्ही म्हणालात, "कर. लाज बी दमली आता." मी तुमची पाठ धुतली, पाय धुतले. उन्हानं काळी झालेली मान आणि सदऱ्याखालची गोरी पाठ, एवढ्या वर्षांत मी ती पहिल्यांदा बघत होते. पाणी कोमट आहे का म्हणून विचारलं की तुम्ही नुसती मान हलवायचात. आपण दोघं त्या वेळी जेवढे जवळ होतो तेवढे माझ्या लहानपणीही नसू.

तुम्ही गेलात त्या दुपारी मी जात्यावर होते. आतल्या खोलीत मोबाइल चालत नाही, म्हणून तो बाहेर ठेवलेला. अंबडचे एक म्हातारे आजोबा मशीनमध्ये होते, कमरेसाठी आलेले. सर दारात येऊन उभे राहिले. मी विचारलं, काय सर? ते म्हणाले, "काही न्हाई. तू पूर्ण कर." वीस मिनिटं ते तसेच उभे होते. आजोबांना मी उठवलं, त्यांच्या हातात काठी दिली, मग सरांनी सांगितलं. मला त्यांचा राग आला आणि आला नाहीही. त्यांच्या जागी मी असते तर तेच केलं असतं. अर्धवट सोडलेला स्कॅन पहिल्यापासून करावा लागतो.

घरी पोचले तेव्हा अंगणात भावकी जमली होती. पाणी तापलं होतं. पुरुषांनी चारी बाजूंनी धोतरं धरून आडोसा केला होता आणि तुम्ही त्या आडोशाच्या आत होता. मी चप्पल काढून तशीच तिकडे गेले, तर मोठे काका समोर आले. हळूच म्हणाले, "तू आत जा, बाई. हे मानसायचं काम हाय."

मी वाद घातला नाही. तुम्हाला तसंच हवं असणार, असं मनाला सांगितलं. आत जाऊन आईशेजारी बसले. बाहेर तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज येत होता. कुणीतरी म्हणालं, जरा डाव्या कुशीला वळवा, पाठ राह्यली. डाव्या कुशीवर तुम्हाला फार दुखायचं. एवढं सांगायला मी उठले, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन बसले.